भातेवाल्यांची लांब ओळ

बासरी शिकायला आलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याच तासाला एक ठरलेलं वाक्य बोलतो. ‘घरी छान येत होतं हो, इथेच काय झालं कळत नाही.’ शिकवणाऱ्या बाईंना या वाक्याचा इतका कंटाळा आला होता की समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्या उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. ‘घरी येतं ना? मग घरालाच गुरू कर. मला कशाला त्रास?’ तोंडाच्या अशा फटकळ, पण मनाने वाईट नाहीत हं. तास संपला की त्याच माणसाला चहा पाजल्याशिवाय सोडायच्या नाहीत.

शिकवणीची खोली तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. दोन खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा जेमतेम लागणार नाही इतक्या जवळ. मधे टेबल नाही, कागद नाही, काही नाही. बाईंचं म्हणणं असं, की बासरी कानाने निम्मी आणि डोळ्यांनी निम्मी शिकतात. समोरच्याचे ओठ बघा, बोटं बघा, छाती कशी भरते ते बघा. ‘पुस्तकात बघून कुणाला पोहता आलंय का?’ असं त्या एका नव्या विद्यार्थिनीला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि ती खो खो हसत सुटली. कारण ती पोहायला शिकवायची.

अंगाने उंच, खांदे दाराएवढे. तलावावर लहान मुलांना शिकवून तडक आलेली, केस अजून ओले आणि गळ्यात शिट्टी तशीच लटकलेली. बाईंनी त्या शिट्टीकडे बघितलं आणि तिचं बारसं तिथेच उरकून टाकलं. त्या दिवसापासून ती शिट्टी.

‘तुला बासरी कशाला गं शिकायची?’

‘दिवसभर ओरडते बाई मी. ओरडत नसेन तेव्हा शिट्टी मारते. घरी गेलं तरी तोच आवाज तोंडात. परवा जेवताना नुसतं मीठ मागितलं तर मुलगी दचकली.’ एवढं बोलताना खिडकीची काच हलली असेल. ‘म्हटलं, एक तरी हळू आवाज यायला हवा मला. चाळिशी उलटली. आता नाही तर कधी?’

बाईंना हे कारण आवडलं. लोक येऊन सांगतात, मन शांत व्हायला हवं, व्यक्तिमत्त्व फुलायला हवं. बाईंच्या कपाळाला आठ्या पडतात. मीठ हळू मागता यायला हवं, हे कसं सरळ झालं!

पण शिट्टीने पहिली फुंकर मारली आणि खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

‘अगं, चूल पेटवायची आहे का? गरम चहावर फुंकतो ना, तेवढंच!’ बाईंनी खरोखरचा चहा आणून तिच्या हातात दिला. शिट्टीने फुंकलं. निम्मा चहा बाईंच्या मांडीवर. दोघी हसल्या, बाईंनी कपडे बदलले, आणि दुसरा कप आणला. सुरुवात ही अशी झाली.

शिट्टीने मात्र नेट सोडला नाही. पाऊस असो, ऊन असो, तास चुकवला नाही. हळूहळू सूर ओठांना सापडायला लागला. वर्ष सरता सरता तलावावरची मुलं एकमेकांना विचारायला लागली, की मॅडमना बरं नाही का, आजकाल ओरडत नाहीत. हे सांगताना शिट्टीचा चेहरा असा फुलला की बाईंनाच भरून आलं. अर्थात तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, ‘बोटं बघ आधी. मधलं बोट उचलतेस ते काय चमचा धरल्यासारखं.’

आता बाईंच्या कानांचं सांगायला हवं.

गेले काही महिने त्यांना दाराची घंटा ऐकू येत नव्हती. चिमण्याही गप्प झाल्या होत्या. चिमण्या कशाला गप्प होतील! कानाच्या डॉक्टरने कानाला यंत्र लावून, बटणं दाबायला लावून सगळं तपासलं आणि सांगितलं, ‘उंच स्वर आधी जातात. तुमचे जायला लागलेत. यंत्राने बोलणं ऐकू येईल, त्याची काळजी नाही. पण बासरीचा वरचा सूर होता तसा ऐकू येईल, असं खोटं नाही सांगणार.’ किती दिवस आहेत, असं बाईंनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, या वर्षभरात काय ऐकायचं ते ऐकून घ्या.

बाई घरी आल्या, खुर्चीत बसल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला एकच गोष्ट ऐकायची आहे. भातेवाल्यांची लांब ओळ.

भातेवाले म्हणजे बाईंचे यजमान. हार्मोनियम, अ‍ॅकॉर्डियन असली भात्याची वाद्यं दुरुस्त करायचे. भोकं बुजवायची, चामडं बदलायचं, अडकलेल्या पट्ट्या सोडवायच्या, यात हयात गेली. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. स्वतः काही फार वाजवायचे नाहीत, पण लग्नानंतर त्यांनी बायकोसाठी एक धून बांधली. आयुष्यात एकच. बांधली हार्मोनियमवर, आणि घोटाळा झाला तो तिथेच. धुनेच्या मध्यावर एक ओळ आली ती अशी लांबलचक, की संपता संपेना. भात्याला काय! हात हलता ठेवला की हवा येतच राहते, सूर तुटायचं नाव नाही. बासरी वाजवणाऱ्या माणसाला मधे श्वास घ्यावा लागतो, हे काही त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

‘अहो, ही ओळ माणसासाठी बांधलीत की लोहारासाठी?’

‘का, जमत नाही?’

‘जमत नाही म्हणजे? एका दमात वाजवून दाखवीन. बघाल!’

म्हणाल्या खऱ्या. पण बाईंचा जीव चिमणीएवढा, छाती ती केवढीशी. ओळ वर चढत चढत जायची आणि शेवटच्या वळणावर यायची, की नेमका तिथेच दम संपायचा. खांदे वर, घोटभर हवा आत, मग पुढचं. दर वेळी तिथेच. भातेवाले मांडीवरचं चामडं बाजूला ठेवून म्हणायचे, ‘वा! झालं की!’

आणि बाईंचं टाळकं सटकायचं. ‘काय झालं? तुटली ती! ऐकू येत नाही का तुम्हाला? उगाच लहान मुलाला समजावल्यासारखं वा वा करू नका.’

‘तुटली असेल. पण...’

‘पण काय? ओळ लहान करून द्या त्यापेक्षा.’

‘ते नाही व्हायचं,’ एवढंच म्हणून ते पुन्हा चामडं हातात घ्यायचे. बाकी सगळ्या बाबतीत मऊ माणूस, पण या ओळीला कात्री लावायला तयार नाही. या एका ‘वा’वरून त्या घरात किती भांडणं झाली असतील! बाईंच्या मनातून ते कधी गेलंच नाही, की आपला नवरा आपली कीव करतो. खोटं कौतुक करून गप्प बसवतो. माणूस गेला, धून राहिली, आणि ही सलही राहिली.

आता वरचा सूर कानातून जायच्या आत ती ओळ बासरीवर एकदा अख्खी ऐकायची, एवढंच बाईंना हवं होतं. आणि ती वाजवू शकेल अशी एकच छाती त्यांच्या माहितीत होती. जी बाई पाण्याखालून या टोकाची त्या टोकाला निघते, तिला एका ओळीचं काय ओझं?

शिट्टीला त्यांनी कारण सांगितलं नाही. ‘नवी धून घेऊ,’ एवढंच. शिट्टीने धून पटापट उचलली. लांब ओळ आली. चढली, चढली, वळणावर आली, आणि शिट्टीने खांदे उचलून श्वास घेतला.

‘तिथे नाही घ्यायचा. पुन्हा.’

पुन्हा तेच. त्याच जागी. बाई वैतागल्या. ‘अगं, दम संपला का तुझा?’

‘नाही बाई, भरपूर आहे.’

‘मग?’

‘घेतला जातो आपोआप.’

असं तीन-चार आठवडे चाललं. पालथ्या घड्यावर पाणी! बाईंनी समजावलं, रागावल्या, शेवटी बासरी मांडीवर टाकून दिली. घोडं पेंड कुठे खातंय तेच कळेना. तेव्हा शिट्टी हळूच म्हणाली, ‘खरं सांगू का? घरी येते मला. अख्खी येते.’

झालं! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ‘घरी येते ना? मग घरालाच...’

‘थांबा बाई. मला माहीत होतं तुम्ही हेच म्हणणार. म्हणून रेकॉर्ड करून आणलंय.’

तिने फोन काढला आणि बाईंच्या पुढ्यात धरला. बाईंनी डोळे मिटले. धून सुरू झाली. जुन्या डब्यात कोंडल्यासारखा आवाज, पण धून तीच. लांब ओळ निघाली. चढायला लागली. आणि मग ती नाहीशी झाली. शिट्टी आनंदाने मान डोलवत होती, म्हणजे फोनमध्ये ओळ चालूच होती. बाईंच्या कानात मात्र नुसती शांतता. मग ओळ खाली उतरली तेव्हा पुन्हा ऐकू यायला लागली.

‘बघा, तुटली का?’ शिट्टीने विचारलं.

बाईंचा मघाशी रागाने लाल झालेला चेहरा पांढरा पडला. शिट्टीने फोन बाजूला ठेवला आणि त्यांचा हात धरला. मग काय, बांध फुटला. कानांचं सांगून झालं, भातेवाल्यांचं सांगून झालं, त्या ‘वा’चंसुद्धा सांगून झालं, जे पोटच्या मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. ‘फोनमधून नाही येत गं मला ते वरचं. समोर कुणी वाजवलं तर अजून येतं. थोडं. म्हणून तुझ्या मागे लागले होते. तू म्हणशील म्हातारीचं खूळ.’

शिट्टी नाक ओढून म्हणाली, ‘बाई, तुमच्यासमोर का तुटते ते मला माहितेय. पण तुम्ही चिडाल.’

‘चिडेन. तरी बोल.’

‘त्या वळणावर तुम्ही श्वास घेता.’

‘मी? मी कुठे वाजवत असते तेव्हा?’

‘वाजवत नसता. पण मी वळणावर आले की तुमचे खांदे वर जातात नि तुम्ही हवा ओढता. दर वेळी. मी काय करू? समोरच्याची छाती बघा म्हणून तुम्हीच शिकवलंत.’

बाईंना हे मुळीच पटलं नाही. मग शिट्टीने पुन्हा वाजवलं, आणि या खेपेला बाईंनी स्वतःवर लक्ष ठेवलं. आई गं! खरंच की! ओळ वळणाशी आली आणि त्यांचे खांदे कुणी ओढावेत तसे वर गेले. बासरी हातात नाही, फुंकायचं नाही, तरी चाळीस वर्षांची खोड बरोबर वेळेवर हजर. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही.

‘मी आत जाऊन बसते,’ बाई म्हणाल्या. स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं. बाहेर शिट्टीने वाजवलं. एका दमात वाजवलं असणार, कारण बाहेरून ‘आली, आली!’ असं तिचं जुन्या आवाजातलं ओरडणं ऐकू आलं. पण दाराआडून वरचा सूर बाईंपर्यंत पोचलाच नव्हता. लांब बसलं की ओळ तुटत नाही, पण ऐकू येत नाही; जवळ बसलं की ऐकू येते, पण तुटते. बाईंना रडावं की हसावं कळेना. त्या पुन्हा खुर्चीत येऊन बसल्या, आणि मग शिट्टीने पाठ फिरवून वाजवून बघितलं. तरीही वळणावर अडकलीच.

‘आता काय? आता तर मी दिसतही नाही तुला.’

‘ऐकू येतं ना बाई! असं जोरात घेता तुम्ही. आमच्या तलावावर बुडणारं पोर घेतं तसं.’

हे बोलली आणि शिट्टी एकदम थांबली. तिच्या चेहऱ्यावर धंद्यातला भाव आला. खुर्ची पुढे ओढून, बाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून ती बसली. ‘बाई, तुम्ही श्वास धरायचा.’

‘काय?’

‘मी ओळ सुरू केली की छाती भरून घ्यायची, नाक दाबायचं, तोंड मिटायचं. ओळ संपेपर्यंत सोडायचं नाही. लहान पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी.’

‘अगं, नाक दाबलं की तोंड उघडतंच. जगजाहीर आहे.’

‘घाबरणाऱ्याचं उघडतं,’ शिट्टी म्हणाली. ‘हं, धरा नाक.’

गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ना, ती अशी. सत्तरीची बाई गाल फुगवून, नाक चिमटीत धरून बसली आणि शिट्टी तिला मापं सांगायला लागली. खांदे खाली. पोट सैल. घाई नाही. पहिल्या खेपेला बाईंना हसू फुटलं. दुसऱ्या खेपेला ठसका. तिसऱ्या खेपेला वळण आलं, आणि नाक धरलेलं असूनही तोंड उघडून ‘हाऽ’ झालं ते झालंच. बाई हिरमुसल्या. ‘जन्मात नाही जमलं ते आता काय जमणार?’

‘तेव्हा फुंकायचंही होतं. आता नुसतं धरायचंय. निम्मं काम माझ्याकडे.’ मग अगदी हळू, जसं मीठ मागायला शिकली होती तसं, शिट्टी म्हणाली, ‘घरी सराव करा.’

बाईंनी सराव केला. दूध तापेपर्यंत श्वास धरायचा. जिन्याच्या वळणावर थांबून धरायचा. एकदा मुलीचा फोन आला तो उचलला आणि नेमका श्वास धरलेला, तर बोलता येईना. मुलगी तिकडून ‘आई? आई, बोल ना!’ करून कासावीस. शेवटी ‘हुश्श’ करून बाई म्हणाल्या, ‘काही नाही गं, गृहपाठ करतेय.’ मुलीला वाटलं, आईचं वय झालं.

तो दिवस आला तेव्हा बाईंनी खिडक्या लावून घेतल्या. रस्त्याचा आवाज नको. शिट्टी नेहमीसारखी ओल्या केसांनी आली, पण चहा नको म्हणाली. दोघी समोरासमोर बसल्या. बाई कधी नव्हे त्या घाबरल्या होत्या.

धून सुरू झाली. लांब ओळीच्या तोंडाशी शिट्टीने बाईंकडे बघून भुवया उचलल्या. दोघींनी एकदम छाती भरली. बाईंनी नाक दाबलं. ओळ निघाली. बाईंनी कानांत प्राण आणले. ओळ चढत गेली, वळणाशी आली, आणि खांदे उठायला लागले. बाईंनी दुसऱ्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरली आणि खांदे खाली ओढले. आणि ओळ वळली.

इतकी वर्षं त्या वळणावर बाई थांबत आल्या होत्या, त्यामुळे बासरीवर ते वळण त्यांनी अख्खं कधी ऐकलंच नव्हतं. ओळ वरच्या सुरावर जाऊन तशीच, न थांबता, किती हलक्या पायाने खाली उतरत होती! वरचा सूर बाईंना फिका ऐकू आला, पण आला. संपेपर्यंत आला. मग शिट्टीने बासरी खाली घेतली आणि बाईंनी नाक सोडलं आणि भडाभडा रडायला लागल्या.

‘बाई! काय झालं? चुकलं का माझं?’

बाईंनी नुसती मान हलवली. ‘हे ऐकू येत होतं गं त्यांना. डोक्यात हे असं वाजत असणार सतत. आणि माझ्याकडून तुटकं ऐकायचे. इतकी वर्षं. कधी म्हणून तक्रार नाही. आणि वर मलाच वा म्हणायचे. मी मेली त्यांनाच बोलायची!’

शिट्टीने त्यांना पाणी दिलं. रडणं ओसरू दिलं. मग आपली बासरी पुसून बाईंच्या हातात ठेवली. ‘आता तुम्ही.’

‘वेड लागलंय का? हे ऐकल्यावर मी?’

‘मला ऐकायचीय. त्यांनी ऐकायचे तशी.’

बाईंनी आढेवेढे घेतले, पण बासरी हातातून सोडली नाही. मग वाजवली. वयाने फुंकर आणखी आखूड झाली होती. लांब ओळ चढली, वळणाशी आली, आणि खांदे वर, घोटभर हवा आत, मग पुढचं. शिट्टी समोर बसून टक लावून बघत होती. श्वास घेताना बाईंचे डोळे क्षणभर मोठे झाले, अगदी पाण्यातून वर आलेल्या पोरासारखे, आणि उरलेली ओळ त्यांनी जीव ओतून पुरी केली.

‘वा,’ शिट्टी म्हणाली. ‘झालं की.’

बाईंनी झटक्यात मान वर केली. ‘कीव करू नकोस. तुटली ती.’

‘हो, तुटली,’ शिट्टी म्हणाली. ‘मी कुठे नाही म्हणतेय? पण वा.’

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ‘तुटली असेल, पण’ एवढं म्हणणाऱ्या भातेवाल्यांना पुढचं त्यांनी एकदाही बोलू दिलं नव्हतं. बासरी बाजूला ठेवून त्या पदराने नाक पुसून उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.